सुनेची मॅरेथॉन
(वार्षिक संमेलनातील भाषण)



माझी सून पहिल्यांदाच मॅरेथॉन धावणार आहे. म्हणजे ४२ किलोमीटर १९५ मीटर. आपल्या चंद्रपूरहून जवळजवळ मूलपर्यंत. एवढ्याला आपण एस.टी.ने जातो, बाई!

चार महिने ती अंतर हळूहळू वाढवते आहे. आठवड्यातून एकदाच लांब धावायचे, एक दिवस विसावा. सरावात पूर्ण ४२ धावायचेच नाहीत, तिसाच्या आसपास थांबायचे. आपल्या भागात सिकलसेल फार, म्हणून रक्त आधीच तपासून घेतले.

अडचण वेळेची. अंधारात रस्त्यावर वाघाचे भय, आठनंतर ऊन सोसवत नाही. मधला तास उरतो, तो नेमका चहा-डब्यांचा! नाशिककडच्या सावरपाड्याची कविता राऊत २०१६ साली गुवाहाटीला मॅरेथॉनचे सुवर्णपदक जिंकली, त्याच वर्षी रिओ ऑलिंपिकलाही धावली. अशा पाड्यावरच्या मुली गडचिरोलीत काय कमी आहेत? पण त्यांना सकाळ मोकळी कोण देणार?

आमचे डबे आता मी करते. पोळ्या जाड होतात, मुलगा मुकाट्याने खातो. रविवारी ती पहाटेपासून शाळेच्या मैदानावर फेऱ्या घालते. तिथे कुणीतरी या. धावू नका, नुसत्या बसा. दर फेरीला लिंबू-मीठ-साखरेचे पाणी हातात द्यायला माणूस हवे आहे.