वेष्टनावर न लिहिलेली गोष्ट



स्कॉटलंडच्या रोझलिन संस्थेत १९९६ साली डॉली मेंढी जन्मली, तेव्हा जगाला कौतुक वाटले. तोच प्रयोग ताटापर्यंत आला आणि कौतुकाची धास्ती झाली. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जानेवारी २००८ मध्ये क्लोन केलेल्या गाई, डुकरे व शेळ्या यांचे मांस आणि दूध नेहमीच्या अन्नाइतकेच सुरक्षित ठरविले. वेष्टनावर तसा उल्लेख करण्याचे बंधन मात्र घातले नाही. अस्वस्थतेचे मूळ येथे आहे. सुरक्षिततेचा दाखला प्रयोगशाळा देईल. खाणाऱ्याची संमती ती कोठून आणणार? ब्रिटनमध्ये क्लोन गाईच्या संततीचे मांस बाजारात गेल्याचे २०१० मध्ये उघडकीस आले, तेही विक्री झाल्यावर! अशा लोकांना अडाणी म्हणणे सोपे आहे. परंतु अवाजवी मोठ्या वासरांमुळे गर्भधारक गाईंचे होणारे हाल शास्त्रज्ञांनीच नोंदविले आहेत.

कर्नालच्या राष्ट्रीय दुग्ध संशोधन संस्थेत २००९ साली ‘गरिमा’ ही म्हशीची पारडी आणि २०२३ साली ‘गंगा’ ही गीर कालवड याच तंत्राने जन्मली. देशी गोवंशवृद्धीचा हेतू स्तुत्यच. मात्र उद्या या वंशाचे दूध पिशवीतून घरोघरी पोहोचले, तर देवाला नैवेद्य दाखविणाऱ्या गृहिणीला ते पिशवीवर वाचता येईल काय?