मेग्रेची खुर्ची, फेणेची सायकल

(खोपोली येथील वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यानाचं शब्दांकन)



कादंबरीवर चित्रपट निघाला, की तो बघून घरी परतताना चर्चा ठरलेली असते. पुस्तकातलं काय गाळलं, काय नव्याने घातलं, शेवट का बदलला. सामाजिक कादंबरीच्या बाबतीत हा हिशोब मला मान्य आहे. डिटेक्टिव्हच्या गोष्टीला मात्र तो पुरत नाही. खून कोणी केला, कुठे केला, हे बदलूनही डिटेक्टिव्ह तोच राहू शकतो; आणि कथानकाला कुठेही धक्का न लावता तो हातातून निसटूही शकतो. माझं आजचं म्हणणं असं, की हा माणूस दारातून आत आला की तिथल्या लोकांना तो कोण वाटतो, ते पडद्यावर टिकलं पाहिजे. लोक त्याच्याकडे कसे बघतात, यावर त्याच्या तपासाची सगळी रीत उभी असते.

दोन डिटेक्टिव्ह घेऊन मी हे मांडणार आहे. एक पॅरिसचा, एक आपल्या फुरसुंगीचा.

पॅरिसचा तो कमिसार मेग्रे. त्याचा लेखक जॉर्ज सिमेनोन मूळचा बेल्जियमचा, १९०३ साली लिएजला जन्मलेला, पण लिहिलं सगळं फ्रेंचमध्ये. १९३१ पासून मेग्रेची पुस्तकं येऊ लागली आणि शेवटची कादंबरी १९७२ ची. एकूण ७५ कादंबऱ्या आणि २८ कथा. शेरलॉक होम्स चिमूटभर राखेवरून तंबाखूची जात सांगतो, तसलं मेग्रेकडे काही नाही. तो जातो आणि बसतो. मेलेल्या माणसाच्या स्वयंपाकघरात बसतो, कोपऱ्यावरच्या गुत्त्यात बसतो, लॉजच्या मालकिणीसमोर बसतो. थोराड बांधा, जाड ओव्हरकोट, तोंडात पाइप. त्याचे वडील एका जहागिरीचे कारभारी होते, त्यामुळे हवेलीतले मालक आणि मागच्या दाराने येणारे नोकर, दोन्ही त्याने लहानपणीच पाहिलेत. समोरच्याला दिसतो तो एक थकलेला सरकारी माणूस, ज्याला उठायची घाई नाही. अशा माणसापुढे गप्प राहणं फार कठीण असतं. लोक बोलू लागतात.

हा मेग्रे पडद्यावर आला तो लगेच, १९३२ मध्ये. दिग्दर्शक ज्याँ रेन्वार, म्हणजे चित्रकार रेन्वारचा मुलगा, आणि मेग्रे झाला त्याचा थोरला भाऊ पिएर. कथा आहे पॅरिसबाहेरच्या महामार्गावरच्या एका चौफुल्याची. तिथे तीनच वास्तू : एक गॅरेज, एका विमा एजंटाचं घर आणि एका परदेशी भावाबहिणीचं घर. एका सकाळी विमावाल्याची गाडी त्या परदेशी माणसाच्या घरच्या गॅरेजमध्ये सापडते आणि गाडीत एक हिऱ्यांचा व्यापारी मरून पडलेला असतो.

हा चित्रपट बघताना मला सारखी खोपोली आठवते. रात्रीचा महामार्ग, धुकं, पाऊस, गॅरेजचा एकुलता दिवा, थांबून पुढे जाणारे ट्रक. शीळफाट्यावर किंवा बोरघाटाच्या पायथ्याशी पावसाळ्यात रात्री दोन वाजता उभा राहिलेला कोणीही माणूस हा चित्रपट पहिल्या पाच मिनिटांत ओळखेल. २००२ साली द्रुतगती मार्ग पूर्ण होण्याआधीची खोपोली ज्यांनी पाहिली आहे, त्यांना तर जास्तच. घाट चढण्याआधी गाडी थंड करायची, टायर बघायचे, चहा घ्यायचा. इतकी माणसं थांबतात आणि कोणी कोणाला नाव विचारत नाही. रेन्वारने हे बरोबर पकडलं. चित्रपटाचं कथानक इतकं गुंतागुंतीचं आहे की पहिल्यांदा बघताना धागा सुटतोच, आणि तरी मला तो मेग्रेवरच्या उत्तम चित्रपटांतला वाटतो. कारण पिएर रेन्वारचा मेग्रे त्या चौफुल्यावर नुसता वावरतो आणि गॅरेजवाले त्याच्याशी सलगी करू लागतात. त्या गॅरेजच्या आडून चोरीच्या मालाचा धंदा चाललेला असतो. ज्याच्यापासून लपवायचं, त्यालाच ते घरचा समजून बसतात.

आता एकच कादंबरी दोन वेळा कशी दिसली ते बघू. मेग्रे सापळा लावतो, ती गोष्ट. पॅरिसमध्ये एकामागून एक बायकांचे खून होताहेत. मेग्रे खोटीच अटक झाल्याची हूल उठवतो, म्हणजे खऱ्या खुन्याचा अहंकार दुखावेल आणि तो पुन्हा बाहेर पडेल. रस्तोरस्ती साध्या वेशातल्या महिला पोलीस फिरत ठेवतो. १९५८ मध्ये ज्याँ देलानॉयच्या चित्रपटात मेग्रे झाला ज्याँ गाबँ. २०१६ मध्ये ब्रिटिश टीव्हीसाठी रोवन अ‍ॅटकिन्सन, म्हणजे आपल्या सगळ्यांचा मिस्टर बीन.

गाबँ हा फ्रेंच पडद्याचा फार मोठा नट. कामगार, ट्रक ड्रायव्हर, पळालेला सैनिक अशा भूमिका करून तो पन्नाशीत पोचला होता. त्यामुळे तो खुर्चीत बसला की ती खुर्ची त्याच्या मालकीची होते. संशयिताशी तो आधी बापासारखा बोलतो, मग एकदम आवाज चढवतो, आणि त्या आवाजात खाटकाच्या दुकानापासून मंत्र्याच्या कचेरीपर्यंत सगळं पॅरिस ऐकू येतं. लोक त्याला घाबरतात आणि त्याच्यावर विसंबतातही. पुस्तकातला मेग्रे याहून शांत आहे, हे खरं. पण लोकांच्या नजरेतला मेग्रे तोच आहे.

अ‍ॅटकिन्सनने उलट वाट धरली. ज्या चेहऱ्याच्या हालचालींवर त्याने जगाला हसवलं, तो चेहरा त्याने या भूमिकेत जवळजवळ थांबवून ठेवला. एका विनोदी नटाने एवढा संयम पाळावा, याबद्दल मला मनापासून आदर आहे. आणि तरीही मला तो मेग्रे वाटत नाही. तो अंगाने सडपातळ आहे, एवढंच कारण नाही. तो खोलीत आला की लोक सावध होतात. त्याच्या शांतपणात दुःख दिसतं, ऊब दिसत नाही. एवढ्या मिटलेल्या माणसाला लॉजची मालकीण आपल्या मनातलं का सांगेल, हा प्रश्न मला शेवटपर्यंत सुटला नाही. त्या मालिकेतलं पॅरिस बुडापेस्टमध्ये चित्रित झालं होतं. त्याला माझी हरकत नाही. 'जोधा अकबर' चित्रपटातला आग्र्याचा किल्ला इथे आपल्या शेजारी, नितीन देसाईंच्या स्टुडिओत उभा राहिलाच होता, आणि पडद्यावर तो पटला. दगड खोटे असले तरी चालतं, माणसांमधलं नातं खोटं असून चालत नाही.

बाकीच्या मेग्रेंबद्दल थोडक्यात सांगतो. इंग्लंडमध्ये १९६० पासून रुपर्ट डेव्हिस, इटलीत जिनो चेर्वी, दोघेही त्या त्या देशात घरोघरी पोचले. जपानमध्ये तर १९७८ साली मेग्रेला टोकियोचा पोलीस अधिकारी करून मालिका निघाली. १९६६ मध्ये नेदरलँड्समधल्या डेल्फझाइल गावात मेग्रेचा पुतळा उभारला, तेव्हा सिमेनोनबरोबर वेगवेगळ्या देशांचे मेग्रे तिथे एकत्र हजर होते. फ्रेंच टीव्हीवर ज्याँ रिशारने १९६७ ते १९९० या काळात ८८ भाग केले आणि त्यानंतर ब्रुनो क्रेमेरने २००५ पर्यंत ५४. मला विचाराल तर क्रेमेर सर्वांत जवळचा. त्याचे भाग दीड-दीड तासाचे आहेत, आणि दिग्दर्शक त्याला जिन्यावरून वर चढताना पूर्ण जिना चढू देतात. दार उघडणाऱ्या बाईला तोवर त्याचा श्वास ऐकू आलेला असतो. मेग्रेचा तपास तिथेच सुरू होतो.

२०२२ चा जेरार दपार्द्यूचा मेग्रेही पाहण्यासारखा आहे. तिथे डॉक्टर त्याची पाइपच बंद करतात! सगळं जग ज्या वस्तूवरून मेग्रेला ओळखतं ती काढून घेतली, आणि मेग्रे शिल्लक राहिला. कारण एका अनोळखी मेलेल्या मुलीसाठी हळहळणारा, स्वतःची मुलगी गमावलेला तो अवजड माणूस लोकांना अजूनही आपल्यासमोर बसवून घ्यावासा वाटतो.

रेन्वारचा धागा आपल्या देशापर्यंत येतो. १९४९ मध्ये तो 'द रिव्हर' या चित्रपटाच्या तयारीसाठी कलकत्त्याला आला, तेव्हा जागा शोधायला त्याच्याबरोबर हिंडणाऱ्यांत तरुण सत्यजित राय होते. पुढे रायनी स्वतःचा डिटेक्टिव्ह निर्माण केला, फेलुदा, आणि १९७४ मध्ये 'सोनार केल्ला'त सौमित्र चटर्जींना फेलुदा केलं. लेखकच दिग्दर्शक असला की काय होतं ते तिथे दिसतं. मुलांना आपला वाटणारा मोठा भाऊ, ही फेलुदाची जागा रायनी क्षणभरही सोडली नाही. नंतर दूरदर्शनच्या हिंदी मालिकेत शशी कपूर फेलुदा झाले. नट मोठा, दिग्दर्शक रायंचेच चिरंजीव, तरी तो भाऊ राहिला नाही, काका झाला.

आता आपला फास्टर फेणे. भा. रा. भागवतांनी ज्यूल व्हर्न मराठीत आणला, म्हणजे फ्रेंच साहसकथेशी त्यांची चांगली घसट होती. पण बनेश फेणे पक्का इथला आहे. गाव फुरसुंगी, शाळा पुण्याची विद्याभवन, बुडाखाली सायकल, आणि तोंडात ते 'ट्टॉक'. प्रतापगडापासून गुलमर्गपर्यंत तो पोचतो. मेग्रे बसतो, हा पळतो. पण दोघांची ताकद एकाच ठिकाणाहून येते. फेणे काडीपैलवान शाळकरी पोर आहे, त्यामुळे त्याच्याकडे कोणी लक्षच देत नाही. चोर त्याच्यासमोर बेत बोलतात. पोलीस त्याला घरी जायला सांगतात. मोठी माणसं ज्याला मोजत नाहीत असा मुलगा सगळं बघतो आहे, यातच वाचणाऱ्या मुलाला स्वतःचा विजय दिसतो. भागवतांनी महाराष्ट्रातल्या दोन पिढ्यांना दिलेली ही फार मोठी देणगी आहे. लहान असणं म्हणजे कमी असणं नव्हे, हे त्यांनी एकदाही उपदेश न करता मुलांच्या मनात बसवलं.

१९८७ मध्ये दूरदर्शनवर फास्टर फेणे हिंदीतून आला. फेणे होता सुमीत राघवन. भाषा हिंदी झाली तरी शाळकरी वय टिकलं, आणि त्यामुळे महत्त्वाचं ते वाचलं. समोरचा मोठा माणूस त्याला झटकून टाकू शकत होता.

२०१७ चा आदित्य सरपोतदारांचा चित्रपट आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिला असेल. अमेय वाघचा बनेश वैद्यकीय प्रवेशपरीक्षेसाठी पुण्यात येतो. एका परीक्षार्थी मुलाने जीव दिला असं सगळे म्हणतात, बनेशला ते पटत नाही, आणि तो परीक्षांच्या काळ्या धंद्यापर्यंत पोचतो. या चित्रपटाचे गुण मी आधी सांगतो. खलनायक आप्पा झालेले गिरीश कुलकर्णी आवाज न चढवता धाक बसवतात. दिलीप प्रभावळकर चित्रपटात चक्क भा. रा. भागवत झालेत आणि बनेश त्यांच्याच घरी उतरतो, ही कल्पना मला फार आवडली. लेखकाचं ऋण मान्य करण्याची इतकी प्रेमळ रीत मराठी पडद्यावर क्वचित दिसते. विषयही खरा निवडला. परीक्षेच्या ताणाखाली पिचणारी मुलं या सभागृहातल्या प्रत्येकाच्या घरात आहेत.

तरी एक गोष्ट हरवली. हा बनेश तरुण झालाय. तरुण मुलगा प्रश्न विचारू लागला की आप्पासारखा माणूस पहिल्या भेटीतच त्याला शत्रू म्हणून ओळखतो. मग डाव-प्रतिडाव सुरू होतात, मोबाइल येतात, छुपे कॅमेरे येतात. हे सगळं वेगवान आहे, बघताना मजा येते, अमेय वाघने जीव ओतलाय. पण पुस्तकातल्या फेणेला कॅमेरा लपवावा लागत नव्हता. तो स्वतःच कोणाला दिसत नव्हता. चित्रपटात ही जागा मिळाली आहे ती भूभू या रस्त्यावरच्या लहान मुलाला, आणि तो आला की चित्रपट जुन्या फेणेच्या जवळ जातो. माझ्या मते फुरसुंगीचा खरा फेणे त्या चित्रपटात दोघांत वाटला गेलाय.

निर्मात्यांची अडचण मी समजू शकतो. शाळकरी नायकावर एवढा खर्च कोण करेल, तिकिटं कोण काढेल, हे प्रश्न खोटे नाहीत. पण फ्रेंच टीव्हीने एका म्हाताऱ्या, जाड, सावकाश चालणाऱ्या अधिकाऱ्यावर जवळजवळ चाळीस वर्षं सलग विश्वास ठेवला, तेव्हा तिथेही असंच कोणीतरी म्हणालं असेल. फेणेला आजवर एक मालिका आणि एक चित्रपट मिळाला आहे. पुस्तकं वीसच्या आसपास आहेत. तासाभराचे भाग, तेरा-चौदा वर्षांचा मुलगा, मराठी बोलणारा, जरा ग्रामीण हेल असलेला, आणि काळ पुस्तकातलाच ठेवायचा, मोबाइलच्या आधीचा. प्रतापगडाची गोष्ट प्रतापगडावरच चित्रित करायची. सायकलचा पाठलाग असेल तर नट बदलून किंवा गाडीवर कॅमेरा लावून तो भरधाव करायची गरज नाही. मुलाला खरंच चढ चढू द्यायचा, दम लागू द्यायचा, साखळी पडली तर ती बसवू द्यायची. आणि प्रत्येक भागात निदान एका मोठ्या माणसाने त्याला म्हटलं पाहिजे, की चल, घरी जा, हे तुझं काम नाही.