न बोलणाऱ्या मुलाचा आवाज



मी आत्ता तुमच्यासमोर आहे म्हणजे माझा आवाज तेवढा तुमच्यासमोर आहे. चेहरा दिसत नाही, हातवारे दिसत नाहीत, आणि हातातला कागद किती थरथरतो आहे तेही दिसत नाही, हे एक बरेच. माणसाचे बाकी सगळे काढून घेतले आणि आवाज तेवढा ठेवला, तर काय उरते, हे रेडिओइतके स्पष्ट दुसरे कोणी सांगत नाही. म्हणून आज ज्या नटाबद्दल बोलणार आहे, तो रेडिओवरून सांगण्याजोगाच विषय आहे.

त्याचे नाव जेम्स अर्ल जोन्स. अमेरिकेतला कृष्णवर्णीय नट. १९३१ साली जन्मला आणि २०२४ च्या सप्टेंबरात, वयाच्या त्र्याण्णवाव्या वर्षी वारला. तुमच्यापैकी पुष्कळांनी हे नाव ऐकले नसेल. पण घरातल्या मुलांनी 'लायन किंग' हा १९९४ सालचा चित्रपट मूळ इंग्रजीतून पाहिला असेल, तर त्यातल्या सिंहराजाचा, मुफासाचा आवाज याच गृहस्थाचा. आवाज कसा? खोल विहिरीत वाकून हाक मारावी आणि तळातून कुणीतरी शांतपणे उत्तर द्यावे, तसा.

आणि गंमत ऐका. हा माणूस लहानपणी सुमारे आठ वर्षे जवळजवळ बोलतच नव्हता.

त्याचा जन्म मिसिसिपी राज्यातल्या आर्काबटला नावाच्या खेड्यात झाला. दक्षिण अमेरिकेतला नव्हे हं, अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतल्या दक्षिण भागातला, कापसाचा मुलूख. काळ्या माणसाने गोऱ्याकडे वर मान करून पाहायचे नाही, असे ते दिवस. बाप घर सोडून गेलेला. तो आधी मुष्टियोद्धा झाला आणि पुढे नट. आई पोटासाठी बाहेर. मूल वाढवले ते आईच्या आईबापांनी. त्या काळात दक्षिणेतले काळे लोक लाखांनी उत्तरेकडे निघाले होते. साधारण साठ वर्षांत साठ लाख माणसे हलली असे इतिहासकार सांगतात. बहुतेक जण शहरांत, कारखान्यांत गेले. हे आजोबा मात्र शेतकरीच राहिले. मिशिगन राज्यात डब्लिन नावाच्या गावाजवळ त्यांनी शेत केले आणि पाच वर्षांच्या नातवाला घेऊन ते बिऱ्हाड तिथे गेले.

आपण मोठी माणसे बिऱ्हाड हलवतो तेव्हा भांडी मोजतो, पेट्या मोजतो. मुलाचे काय मागे राहिले ते मोजत नाही. या मुलाची जीभ अडखळू लागली. शब्दाचे पहिले अक्षर तोंडात यायचे आणि तिथेच रुतून बसायचे, चिखलात चाक रुतावे तसे. मुले हसली. हसणारच. मग त्याने बोलणेच टाकले. घरात अगदी नडले तर एखादा शब्द. शाळेत प्रश्न आला की कागदावर लिहून उत्तर. बोलायचे ते गोठ्यातल्या जनावरांशी. गाई, डुकरे, कोंबड्या यांच्याशी तो पोटभर बोलत असे, आणि तिथे जीभ अडत नसे. ज्यांच्या घरी गुरे आहेत त्यांना यात नवल वाटणार नाही. बैल कधी आपले वाक्य पुरे करण्याची घाई करीत नाही.

इथे जरा थांबून एक सांगतो, कारण ऐकणाऱ्यांत आईबाप आहेत, गुरुजी आहेत. बोबडे बोलणे वेगळे आणि तोतरे बोलणे वेगळे. तोतऱ्या मुलाला काय म्हणायचे ते पक्के ठाऊक असते, शब्दही ठाऊक असतो, तो बाहेर निघत नाही एवढेच. शंभर मुलांत सुमारे पाच मुले लहानपणी केव्हा ना केव्हा असे अडखळतात. त्यांतली बरीचशी आपोआप सुधारतात, आणि मोठेपणी शंभरांत एखाद्याचे तोतरेपण राहते. मुलींपेक्षा मुलग्यांत अधिक. बऱ्याच घराण्यांत ते पिढीजात असते, आणि मेंदूत बोलण्याची जी जुळवाजुळव चालते तिच्याशी त्याचा संबंध आहे असे शास्त्रज्ञ सांगतात. आळसाशी नाही, भित्रेपणाशी नाही, बुद्धीशी तर मुळीच नाही. आपल्याकडे वेखंड उगाळून चाटवतात. चाटवा बापडे, पण "नीट बोल! सावकाश बोल!" असे दर वाक्याला ओरडू नका. त्याने चाक आणखी रुतते. आणि एक चमत्कारिक गोष्ट अशी, की हीच मुले गाताना, दहाजणांबरोबर एका सुरात म्हणताना, किंवा पाठ केलेले दुसऱ्याचे बोल बोलताना पुष्कळदा अडखळत नाहीत.

ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा. पुढची सारी कथा तिच्यावर उभी आहे.

ब्रेदरन नावाच्या गावी ग्रामीण शाळा होती. तिथे डोनल्ड क्राउच नावाचे इंग्रजीचे मास्तर होते. मुलगा चौदा-एक वर्षांचा झालेला, तरी मुकाच. पण तो गुपचूप कविता लिहितो हे मास्तरांना कळले. एका हिवाळ्यात फ्लोरिडाहून आगगाडीने ग्रेपफ्रूट आली. हे आपल्या पपनसाच्या कुळातले फळ, द्राक्षाशी त्याचा संबंध नाही. बाहेर बर्फ, आणि हातात उन्हाच्या मुलखातले रसाळ फळ! मुलाला इतका आनंद झाला की त्याने त्या फळावर कविता केली, आणि तीही एका थोर अमेरिकन कवीच्या चालीवर. मास्तरांनी वाचली आणि म्हणाले, की हे फार चांगले आहे, इतके चांगले की तू लिहिले असशील असे वाटत नाही. तुझेच असेल तर सर्वांसमोर उभा राहून तोंडपाठ म्हणून दाखव.

चोरीचा आळ! जो मुलगा आठ वर्षे वर्गात बोलला नाही, त्याच्यापुढे आता दोनच वाटा. चोर ठरायचे, नाहीतर तोंड उघडायचे. तो उभा राहिला आणि त्याने कविता म्हटली. पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत, एकदाही न अडता. वर्ग थक्क झाला, मास्तर थक्क झाले, आणि सर्वांत थक्क झाला तो स्वतः. मधल्या वर्षांत, त्याच्या नकळत, त्याचा आवाज फुटून पुरुषाचा झाला होता. तो त्याने त्या दिवशी प्रथम ऐकला म्हणायला हरकत नाही.

ही गोष्ट मी अध्यापकांपुढे सांगतो तेव्हा कुणीतरी उत्साहाने म्हणतो, वा! मग आपणही असेच करावे. मी म्हणतो, जपून. आळ घेऊन बोलते करणे हा जुगार आहे, आणि दहा मुलांत नऊ हरतील. क्राउच मास्तरांचे श्रेय मला त्या एका दिवसात दिसत नाही. मुका मुलगा काय लिहितो हे त्यांनी आधी वाचले होते, त्यात आहे. आणि त्या दिवसानंतर त्यांनी त्याला सोडले नाही. कविता म्हणायला लावली, वादविवादात उभे केले, नाटकातले उतारे वाचून घेतले. खरी मेहनत ती.

पुढे मिशिगन विद्यापीठात तो डॉक्टर व्हायचे म्हणून गेला. कोरियाचे युद्ध चालू होते, आपल्याला लढाईवर जावे लागणार असे दिसत होते. मरायचेच आहे तर आवडीचे काही करून घेऊ, अशा हिशेबाने त्याने नाटकाचा अभ्यास धरला. युद्ध संपले, तो वाचला आणि वैद्यकशास्त्र एका विद्यार्थ्याला मुकले. मॅनिस्टी गावातल्या रॅम्सडेल नाट्यगृहात तो सुतारकामापासून सगळी कामे करीत होता, आणि १९५५ साली तिथेच त्याने पहिल्यांदा 'ऑथेल्लो' केला. ऑथेल्लो म्हणजे आपल्या देवलांचा 'झुंझारराव'. ही भूमिका त्याने पुढे आयुष्यात अनेकदा केली.

मग न्यूयॉर्क. तिथे बाप होता. ज्या बापाला लहानपणी पाहिले नाही, त्याच्याकडे राहून मुलगा नाट्यशिक्षण घेऊ लागला, आणि पोटासाठी फरशा पुसण्याचे कामही केले. ब्रॉडवेवर, म्हणजे तिथल्या मुख्य व्यावसायिक रंगभूमीवर, १९५८ साली त्याला काम मिळाले ते रूझवेल्टांच्या घरातल्या नोकराचे. जेवण तयार आहे, एवढेच सांगायचे. त्यातही पहिल्याच 'म' वर गाडी अडायला बघे, असे तो सांगत असे. शेक्सपिअरची लांबलचक भाषणे सुरळीत आणि चार शब्दांत धाप! तोतरेपण बरे झाले असे त्याने कधी म्हटले नाही. त्याच्याबरोबर काम करायला शिकलो, असेच तो म्हणे. शब्द अडणार असे वाटले की दुसरा शब्द धरायचा. नाटककाराने लिहिलेल्या वाक्यात मात्र शब्द बदलता येत नाही. म्हणून ते वाक्य आतून इतके आपले करायचे की ते अडूच नये. अभिनय म्हणजे दुसरे काय असते?

१९६८ साली 'द ग्रेट व्हाइट होप' या नाटकाने तो एकदम वर आला. जगातला पहिला काळा हेवीवेट विजेता जॅक जॉन्सन, त्याच्या जीवनावरचे हे नाटक. काळा माणूस अजिंक्य ठरला हे गोऱ्यांना सहन होईना, आणि त्याला हरवणारा कुणी गोरा शोधण्याचा ध्यास सगळ्या देशाने घेतला. जोन्सने डोके तासडले, मुष्टियोद्ध्याचे शरीर कमावले. त्याला रंगभूमीचा टोनी पुरस्कार मिळाला, आणि १९७० च्या चित्रपटासाठी ऑस्करचे नामांकन.

माझ्या मते मात्र त्याचे सर्वांत मोठे काम १९८७ सालचे. ऑगस्ट विल्सनचे 'फेन्सेस', म्हणजे कुंपणे. ट्रॉय मॅक्सन नावाचा कचरा उचलणारा माणूस. तरुणपणी उत्तम बेसबॉल खेळणारा, पण काळ्यांना मोठ्या संघांत घेत नव्हते तोवर त्याचे वय निघून गेले. आता मुलाला खेळातून पुढे जाण्याची संधी आली आहे, आणि बापच आडवा येतो. मुलगा विचारतो, की तुम्हांला मी कधी आवडलोच नाही, ते का? बाप उत्तर देतो, की तुला खाऊपिऊ घालणे हे माझे कर्तव्य, आवडण्याचा त्यात संबंध काय? हे बोलणारा नट असा, की ज्याला बापाचा घास लहानपणी मिळालाच नव्हता. त्याला दुसरा टोनी मिळाला.

पण जगभर त्याला ओळखतात ते वेगळ्याच कामासाठी. १९७७ साली 'स्टार वॉर्स' आला. त्यातला काळ्या मुखवट्याचा खलपुरुष डार्थ व्हेडर. अंगाने काम केले डेव्हिड प्राउझ या इंग्रज नटाने, आवाज घातला जोन्सने. काही तासांचे काम, मोबदला सात हजार डॉलर. पहिल्या दोन चित्रपटांत त्याने आपले नावही घालू दिले नाही. प्राउझच खरा व्हेडर, आपण केवळ स्पेशल इफेक्ट्सपैकी एक, असे तो म्हणायचा. हा विनय होता की नाटकवाल्याची थोडी मिजास, मला ठरवता आलेले नाही. दोन्ही असेल.

बाकी कामे किती सांगू? १९७३ साली न्यूयॉर्कच्या उघड्या रंगमंचावर 'किंग लिअर', १९७८ साली एकट्याने उभे केलेले पॉल रोब्सनचे चरित्र. दक्षिण आफ्रिकेच्या कथेतला खेडूत पाद्री, विनोदी चित्रपटातला राजा. चौऱ्याऐंशीव्या वर्षी, २०१५ साली, सिसिली टायसनबरोबर तो ब्रॉडवेवर 'द जिन गेम' करीत होता. एकाच आठवड्यात जेवढी वाक्ये तो बोलला असेल, तेवढी बालपणाच्या आठ वर्षांत बोलला नसेल. २०२२ साली ब्रॉडवेवरच्या एका जुन्या नाट्यगृहाला त्याचे नाव दिले. त्याच वर्षी असेही कळले की त्याच्या जुन्या ध्वनिमुद्रणांवरून यंत्राने व्हेडरचा आवाज घडवायला त्याने परवानगी दिली आहे. यंत्र अर्थात अडखळत नाही.

आता एक माझेच सांगतो. काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गात खेड्यातून आलेला एक मुलगा होता. हजेरी घेताना त्याचे नाव आले की तो नुसता हात वर करी. तोंडाने "यस सर" म्हणत नसे. मला तो उद्धटपणा वाटला. मी म्हटले, हात नको, तोंड उघड. तो उभा राहिला, ओठ हलले, मान आखडली, आणि मागच्या बाकावरून हसू आले. मी पुढचे नाव पुकारले. त्यानंतर तो येत राहिला, हात वर करीत राहिला, आणि मी खाली मान घालून त्याची गैरहजेरी मांडत राहिलो. दिवाळीच्या सुट्टीनंतर तो आलाच नाही.

त्याच्या वह्या मी कधी उघडून पाहिल्या नव्हत्या. आता हजेरी घेताना मी नाव पुकारतो आणि मान वर करून वर्गाकडे पाहतो. हात दिसला की हजर.