साठ मिनिटांचा राजपुत्र

क्रिकेटबद्दल, नाटकाबद्दल, गेला बाजार पत्त्यांबद्दल बोलायला कुणाला संकोच वाटत नाही. मी आज कॉम्प्युटरवरच्या एका खेळाबद्दल बोलणार आहे, आणि तेही त्याच्या दुसऱ्या भागानं माझा जो विरस केला त्याबद्दल. पन्नाशीला टेकलेल्या माणसानं रेडिओवर येऊन सांगावं असं हे दुःख नाही, याची मला कल्पना आहे. पण ऐकून तर घ्या.

गोष्ट 1992 सालची. आम्ही लालबागला चाळीत राहायचो. वडील गिरणीत, साचेखात्यात होते. 18 जानेवारी 1982ला संप सुरू झाला, आणि त्यानंतर ते गिरणीत परत गेले नाहीत. जवळच एका मसाल्याच्या दुकानात वजनकाट्यावर बसू लागले. संध्याकाळी घरी आले की त्यांच्या शर्टाला मिरचीचा खाट आणि आम्हा भावंडांना शिंका. मी नववीत गेलो तेव्हा कुणीतरी त्यांना सांगितलं, आता जमाना कॉम्प्युटरचा. झालं, दादरला प्लाझाच्या मागच्या बाजूच्या एका क्लासात त्यांनी माझं नाव घातलं. फी तीन हप्त्यांत.

माझ्याबरोबर माझा मावसभाऊही त्याच बॅचला होता. तो गिरगावात मुगभाटात राहायचा, माझ्याहून चार वर्षांनी मोठा. मी त्याला दादा म्हणतो. क्लासात डॉस, वर्डस्टार आणि लोटस शिकवत. तासभर थिअरी आणि तासभर प्रॅक्टिकल. मशीन कमी, म्हणून एका मशीनवर दोघं. दादानं एक दिवस शर्टाच्या आतून एक फ्लॉपी काढली. लॅमिंग्टन रोडवर एका दुकानात तो सुट्टीत कामाला जायचा, तिथून आणलेली. तिच्यावर पेननं लिहिलं होतं, ‘प्रिन्स’.

तुमच्यापैकी काही जणांच्या लक्षात आलं असेल. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’. जॉर्डन मेक्नर नावाच्या अमेरिकन तरुणानं अ‍ॅपल टू या मशीनवर जवळजवळ चार वर्षं खपून तो केला आणि 1989 साली तो बाजारात आला. सुलतान लढाईवर गेलेला, वजीर जाफरनं राजकन्येला कोंडलेलं, आणि तिला विचार करायला एक तास दिलेला. लग्न नाहीतर मरण. तळघरात टाकलेल्या आपल्या नायकानं त्या साठ मिनिटांत वर पोचायचं. बस्स, एवढीच गोष्ट.

पण तो पळायचा कसा! त्याआधी आम्ही पाहिलेल्या खेळांतली माणसं खडूच्या तुकड्यासारखी सरकायची. हा धावताना पाय टाकायचा, थांबताना घसरायचा, कठड्याला लटकला की त्याचं वजन आपल्या बोटांना जाणवायचं. मेक्नरनं आपल्या धाकट्या भावाला पांढरे कपडे घालून धावायला, उड्या मारायला लावलं होतं, त्याचं चित्रण केलं होतं, आणि त्यातल्या एकेका चौकटीवरून ही आकृती काढली होती. संगीत वडिलांचं. म्हणजे सगळा घरचाच मामला. हे मला अर्थातच फार नंतर कळलं.

आमच्या क्लासातले मॉनिटर एकरंगी होते. खेळात ठिकठिकाणी औषधाच्या बाटल्या ठेवलेल्या असतात. लाल बुडबुडे असतील तर जीव वाढतो, निळे असतील तर जातो. आम्हाला सगळेच बुडबुडे पांढरे. प्रत्येक बाटली नशिबावर हवाला ठेवून प्यायची! एका ठिकाणी तर खेळाबरोबर मिळणाऱ्या पुस्तिकेतल्या शब्दाचं पहिलं अक्षर कुठलं ते विचारून त्या अक्षराची बाटली प्यायला सांगत. ही चोरीच्या प्रतींसाठी लावलेली मेख होती, आणि आमची प्रत चोरीची, हे काही आज लपवण्यात अर्थ नाही. दादानं लॅमिंग्टन रोडवरून त्या उत्तरांचा एक कागद मिळवला होता. तो आम्ही लोटसच्या वहीत ठेवायचो.

आता मुख्य गोष्ट. मशीन एक, कीबोर्ड एक, माणसं दोन. आम्ही वाटणी केली. बाणांच्या चार कळा माझ्याकडे, शिफ्टची कळ दादाकडे. हा खेळ ज्यांनी खेळलाय त्यांना कळेल की यात काय धोका आहे. उडी मी मारायची, पण पलीकडच्या कठड्याला धरायचं ते शिफ्टनं. लटकलेलं राहायचं तेही शिफ्टनं. तलवारीचा वारही शिफ्टनंच. मी दरीवरून झेप घ्यायचो आणि माझा जीव दादाच्या एका बोटात. पहिले दोन आठवडे आम्ही नुसते खाली खिळ्यांवर पडत होतो आणि एकमेकांना शिव्या घालत होतो. मग हळूहळू बोलायची गरज उरली नाही.

एकदा वडील दुसरा हप्ता भरायला क्लासात आले. काचेच्या पलीकडून बराच वेळ बघत उभे होते, ते आम्हाला कळलंच नाही. रात्री जेवताना मला म्हणाले, ‘‘तो माणूस सारखा पडतो का रे?’’ माझ्या घशात घास अडकला. म्हटलं, ‘‘दरवाजा बंद व्हायच्या आत पोचायचं असतं, बाबा.’’ ‘‘मग पोचला का?’’ मी म्हटलं, ‘‘अजून नाही.’’ त्यांनी पुढं काही विचारलं नाही. तो अभ्यासाचाच भाग आहे असं त्यांना वाटलं, की सगळं समजून ते गप्प राहिले, हे मला आजही सांगता यायचं नाही. पण त्यानंतर अधूनमधून, शर्ट काढून खुंटीला लावता लावता, ते विचारायचे, ‘‘पोचला का?’’

खेळात पुढं एक आरसा येतो. त्यातून उडी मारून जावं लागतं, आणि तेव्हा आपली सावली आरशातून निघून उलट्या दिशेला पळून जाते. मग ती आपलं औषध पिऊन टाकते, आपल्या तोंडावर दार लावते. शेवटी तलवार घेऊन समोर उभी राहते. तिच्यावर वार केला की आपलंच रक्त कमी होतं. आम्ही किती वेळा मेलो असू! एक दिवस कंटाळून मी तलवार म्यान केली. सावलीनंही केली. दोघं एकमेकांकडे चालत गेलो आणि एक झालो. दादा खुर्चीतून उठला. क्लासातले सर म्हणाले, लोटसमध्ये एवढा काय आनंद होतो तुम्हाला?

या सावलीची जन्मकथा ऐकण्यासारखी आहे. अ‍ॅपल टूच्या स्मरणात आणखी एक पात्र मावायला जागाच उरली नव्हती. म्हणून मेक्नरनं राजपुत्राचीच आकृती घेतली, ती जराशी सरकवून स्वतःवरच उलटवली, आणि तिची झगमगती सावली झाली. अडचणीतून निघालेली युक्ती खेळाचा प्राण होऊन बसली.

दुसरा भाग 1993 साली आला. ‘द शॅडो अँड द फ्लेम’. आमच्यापर्यंत यायला 1994ची मे महिन्याची सुट्टी उजाडली. माझी दहावी झाली होती. दादा तोवर त्याच दुकानात कायमचा लागला होता आणि सुटे भाग जमवून त्यानं घरी मुगभाटात मशीन उभं केलं होतं. रंगीत मॉनिटर, साउंड कार्ड, सगळं. पहिला खेळ एका फ्लॉपीत मावायचा, याच्या फ्लॉप्यांना रबरबँड लावावा लागला. मी लालबागहून चिवडा घेऊन गेलो.

सुरुवात फार छान आहे, हे कबूल करायला हवं. राजपुत्र दरबारात येतो तर त्याला कुणी ओळखतच नाही. त्याच्या रूपात जाफर सिंहासनाजवळ बसलेला, आणि हा भिकारी. खिडकीतून उडी, घरांची गच्ची, मागं पहारेकरी, आणि शेवटी सुटत्या बोटीवर झेप. आम्ही टाळ्या वाजवल्या. मग बोट फुटली, बेट आलं, गुहा आल्या. साप आले, सांगाडे आले, उडणारी मुंडकी आली, उडता गालिचा आला. वेळही सव्वा तास. मेमरीची ददात नव्हती, रंगांची नव्हती, आणि बहुधा म्हणूनच कशावाचून काही अडत नव्हतं. पहिल्या खेळात एकेक पहारेकरी समोर यायचा, त्याच्याशी लढताना त्याचा स्वभाव कळायचा. इथं तीन-चार एकदम चालून येतात. इकडं वळ, मार, तिकडं वळ, मार. आणि शेवटाकडे सावली अंगातून बाहेर काढायची असते, ती कशी, याचा पत्ता खेळ लागू देत नाही. तलवार म्यान करण्याची कल्पना आम्हाला आतूनच सुचली होती. इथं लॅमिंग्टन रोडवर विचारून यावं लागलं.

पण माझं खरं गाऱ्हाणं वेगळंच आहे. दोन बाजूंनी शत्रू आल्यावर वळणं आणि वार करणं एकाच माणसाच्या हातात असावं लागतं. ‘‘मार! मार!’’ म्हणेपर्यंत मेलेलो. तासाभरानं दादा म्हणाला, ‘‘थांब, मी एकटा बघतो.’’ त्यानं कीबोर्ड स्वतःकडे ओढला आणि खरंच चार खोल्या पुढं गेला. मी शेजारी बसून चिवडा खाल्ला. मग मी खेळलो, तो उठून खिडकीत गेला. त्या सुट्टीत मी आणखी दोनदा मुगभाटात गेलो असेन.

घरी वडिलांनी विचारलं, ‘‘काय, पोचला का तुमचा माणूस?’’ मी म्हटलं, ‘‘बोट फुटली, बाबा.’’ ते म्हणाले, ‘‘आता बोट कुठनं आली?’’

दादानं तो खेळ पुरा केला, एकट्यानं. शेवटी एक म्हातारी चेटकीण काचेच्या गोळ्यातून राजपुत्राकडे बघताना दिसते आणि पडदा पडतो. म्हणजे गोष्ट पुढं चालू. ती पुढची गोष्ट कधी आलीच नाही. 2003 साली याच नावानं नवा खेळ आला, त्यात मेक्नर होता आणि तो सुंदर होता. 2004 साली त्याचा पुढचा भाग आला, रक्तानं माखलेला, आणि तो आपल्या पसंतीचा नाही असं खुद्द मेक्नरनं जाहीरपणे सांगितलं. वाचून मला फार बरं वाटलं, खोटं का बोला.

2020च्या सप्टेंबरात बातमी आली की त्या 2003च्या खेळाची नवी आवृत्ती युबीसॉफ्टचे पुणे आणि मुंबईचे स्टुडिओ करणार. मी दादाला फोन केला. तो आता डोंबिवलीला असतो. ‘‘आपल्या मुंबईत रे!’’ तर तो म्हणाला, ‘‘बघू.’’ झलक पाहून जगभरच्या लोकांनी नावं ठेवली, तारखा पुढं गेल्या, आणि 2022 साली ते काम कॅनडात मॉन्ट्रियलला गेलं. मला वाईट वाटलं. इथल्या मुलांना पहिलाच डाव असा मिळायला नको होता.

परवाच्या गणपतीत दादा घरी आला होता. वडील आता नाहीत. आरती झाली, जेवणं झाली, आणि माझ्या मुलीनं लॅपटॉपवर तो जुना खेळ लावून दिला. आता तो रंगीत दिसतो, बाटल्यांचे बुडबुडे लाल की निळे ते कळतं. दादा खुर्ची ओढून शेजारी बसला आणि काही न बोलता त्यानं शिफ्टवर बोट ठेवलं. लॅपटॉपचा कीबोर्ड अरुंद, आमचे हात आता जाड. तिसऱ्या मिनिटाला आम्ही खिळ्यांवर पडलो. ‘‘तू लवकर सोडलंस,’’ मी म्हटलं. ‘‘तू उशिरा उडालास,’’ दादा म्हणाला. मुलगी म्हणाली, बाबा, एकानंच खेळा ना, सोपं जाईल.