पाणवठा



संयोजकांनी मला ‘आफ्रिकेच्या जंगलातलं आयुष्य’ असा विषय दिला आहे. सिंहाच्या गोष्टी ऐकायला मिळतील असं तुम्हाला वाटत असेल. मी मात्र पाण्याबद्दल बोलणार आहे.

आम्ही 2013 पासून दक्षिण आफ्रिकेत, क्रूगर राष्ट्रीय उद्यानाला लागून असलेल्या एका खासगी अभयारण्यात राहतो. यजमान तिथल्या लॉजचे हिशेब बघतात, मी घरून सॉफ्टवेअरचं काम करते. उद्यान आणि आमचं अभयारण्य यांच्यात कुंपण नाही. वसाहतीभोवती विजेच्या दोनच तारा, त्याही डोक्याच्या वर. त्यांनी हत्ती अडतो. बिबट्या आणि तरस खालून आरामात येतात. त्यामुळे अंधार पडल्यावर पायी फिरणं बंद, आणि खिडकी उघडी राहिली की बबून माकडांनी डबे उपसलेच म्हणून समजा.

ऋतू आपल्या उलट. जून-जुलै कोरडे, पहाटे स्वेटर लागतो. पाऊस साधारण दिवाळीच्या सुमारास. त्याच्या थोडं आधी कोकिळेच्या कुळातला एक पक्षी ओरडू लागतो. तिथले आफ्रिकान्स बोलणारे लोक त्याच्या हाकेत ‘पीट-माय-फ्राउ’ ऐकतात, आपण पावशाच्या हाकेत ‘पेरते व्हा’ ऐकतो तसंच. मग नोव्हेंबर-डिसेंबरात दोन-तीन आठवड्यांत इम्पाला हरणांच्या बहुतेक माद्या एकदमच वितात. पिल्लं इतकी, की शिकारी प्राण्यांना सगळी खाऊन संपतच नाहीत.

2015 मध्ये पक्षी ओरडला, पाऊस आला नाही. त्या उन्हाळ्यात पाणघोडे दिवसाढवळ्या चरायला बाहेर पडू लागले. एरवी ते रात्री चरतात. डोहात पाणी होतं, पण काठापासून लांबवर गवताची काडी उरली नव्हती. दुष्काळात जनावर तहानेनं मरतं अशी माझी समजूत होती. तिथे डोळ्यांसमोर मरत होती ती भुकेनं, पाण्याच्या शेजारी.

आमच्या दारात एक रानडुकरीण यायची, बरगड्या मोजता येतील अशी. माझी मुलगी तेव्हा सात वर्षांची. आजीकडे गच्चीवर चिमण्यांसाठी पाणी ठेवतात, मग इथे का नाही, असं तिनं विचारलं. अभयारण्याचा नियम स्पष्ट होता: चारा नाही, पाणी नाही.

नियमामागचा इतिहास तिला सांगण्यासाठी मी वाचून काढला. क्रूगरमध्ये 1930 च्या दशकापासून बोअर मारून, पवनचक्क्या लावून पाणवठे केले. हेतू चांगलाच होता. उत्तरेकडच्या कोरड्या भागात रोन नावाचं मोठं, दुर्मिळ हरीण असे. तिथे पाणी आल्यावर झेब्रे आणि वाइल्डबीस्ट आले, त्यांच्यामागून सिंह आले. उंच गवत चरलं गेलं. त्यात दुष्काळाची भर. 1986 मध्ये सुमारे 450 असलेली रोन हरणं 1993 पर्यंत 45 च्या आसपास उरली. मग उद्यानानं अनेक बोअर बंद केले. आमच्या क्षेत्रातल्यांना हे नवीन नाही. एक बग काढावा आणि भलत्याच ठिकाणी दुसरे तीन उगवावेत.

मुलीला हे सगळं पटलं का? नाही. “पण ती आत्ता भुकेली आहे ना,” एवढंच ती म्हणाली. रानडुकरीण आठवडाभर आली, नंतर दिसली नाही. मला नियम तेव्हाही बरोबर वाटला, आजही वाटतो. पण दार लावून आत बसणं सोपं गेलं असं म्हणणार नाही. गावाकडे चारा छावण्या पाहिलेल्या माणसाला ते जमत नाही. फरक इतकाच की दावणीचं जनावर आपण बांधलेलं असतं.

2016 च्या शेवटी पाऊस परतला. गवत इतक्या झपाट्यानं उगवलं की महिन्याभरात घरामागची वाट दिसेना.

आणि एक गोष्ट राहिली. आमच्या लॉजच्या सज्जासमोर बोअरवरचा एक पाणवठा आहे, त्या दुष्काळातही तो भरलेला होता. पाहुणे चहा घेत हत्ती बघतात, त्याचेच पैसे देतात, आणि यजमानांचा पगारही त्यातूनच येतो. मुलगी आता सतरा वर्षांची आहे. त्यावरून आमच्या घरी अजून वाद होतात.

सापांबद्दल काही जणांनी मघाशीच विचारलं आहे. ते जेवणानंतर सांगते.