सावकाराची लेक गोपिकाबाई

(मंडळाच्या वर्धापनदिनी धुळे येथे झालेले भाषण)



गेल्या उन्हाळ्यात आमच्या शेजारच्या एक बाई कागदांचे गाठोडे घेऊन माझ्याकडे आल्या. यजमान जाऊन महिनाही झाला नव्हता. देणे किती, येणे किती, कोणाची चिठ्ठी खरी, कोणाची फिटलेली, यांतले त्यांना काहीच ठाऊक नव्हते. “मी आपले घर तेवढे सांभाळले हो,” असे म्हणून त्या रडू लागल्या. तेव्हापासून मला गोपिकाबाईंची वारंवार आठवण होते.

गोपिकाबाई म्हणजे नानासाहेब पेशव्यांच्या पत्नी, थोरल्या माधवरावांच्या मातोश्री, एवढे आपणांस माहीत असते. पण त्या मूळच्या वाईच्या भिकाजी नाईक रास्ते या सावकारांच्या कन्या. १७३० साली, अगदी लहान वयात, त्या पेशव्यांच्या घरची सून झाल्या.

पेशव्यांची सोयरीक सावकारांशी का होई? पहिल्या बाजीरावांच्या पत्नी काशीबाई चासकर जोशी सावकारांच्या घरच्या. बाजीरावांची बहीण भिऊबाई बारामतीकर जोशांच्या घरी दिलेली. फौज दसऱ्याला बाहेर पडे आणि महसूल पीक निघाल्यावर येई. मधल्या काळात शिपायाचा पगार आणि घोड्याचा दाणा सावकाराच्या पेढीवर चाले. परमुलखात पैसा हुंडीने पोचे. सोयरिकीने ही पत घट्ट होई खरी, पण सोयरा म्हणून कोणी व्याज सोडीत नसे. १७४० साली बाजीराव नर्मदाकाठी रावेरखेडीस वारले, तेव्हा भिऊबाईंच्या सासरचेच बाबूजी नाईक नानासाहेबांच्या आड आले आणि पेशवाई आपणांस मिळावी म्हणून खटपट करू लागले! शाहू महाराजांनी वस्त्रे नानासाहेबांस दिली, म्हणून निभावले.

पुढे पानिपतचा प्रसंग आला. डिसेंबर १७६० मध्ये उत्तरेकडे निघालेल्या नानासाहेबांनी वाटेत पैठणच्या वाखरे सावकारांच्या मुलीशी आणखी एक लग्न लावले. घरी वाट पाहणाऱ्या गोपिकाबाईंना काय वाटले असेल, ते मी सांगावयास नको. १४ जानेवारी १७६१ रोजी त्यांचा थोरला मुलगा विश्वासराव रणात पडला. ती वार्ता नानासाहेबांना कळली ती एका सावकारी पत्रातून, असे इतिहासात सांगतात. पत्राची भाषा पेढीचीच होती: मोती गळाले, मोहरा हरवल्या, रुप्या-तांब्याची तर गणतीच नाही. विश्वासराव हा त्यांतला एक मोती. आईच्या काळजाचा तुकडा, पण तो जमाखर्चाच्या भाषेत आला. त्याच वर्षी जून महिन्यात नानासाहेबही पर्वतीवर वारले.

गोपिकाबाईंचा स्वभाव करडा होता, माहेरचा अभिमानही मोठा होता. मुलाशी त्यांचे पटले नाही आणि माधवरावांच्याच कारकिर्दीत पुणे सोडून त्या नाशिकजवळ गंगापुरास जाऊन राहिल्या. १७७२ साली माधवराव थेऊर येथे वारले. अंतकाळी त्यांच्या जिवाला घोर होता तो वाडवडिलांपासूनच्या कर्जाचा. ते फेडावे असे त्यांनी लिहून ठेवले. आईच्या माहेरचा सावकारीचा धडा मुलाने असा पाळला, असे मला वाटते. पुढच्याच वर्षी धाकट्या नारायणरावांचा शनिवारवाड्यात खून झाला. तिन्ही मुलगे गेले. तरीही या बाईंनी नातवाला, सवाई माधवरावाला, पहाटे उठण्यापासून दिवस कसा घालवावा याचे उपदेशपत्र लिहून पाठविले. १७८८ साली त्या निवर्तल्या.

त्याच काळी फ्रान्समध्ये सुझान नेकर नावाची बाई होती. तिचा पती झाक नेकर पेढीवाला, पुढे राजाचा अर्थमंत्री झाला. तिने १७७८ साली पॅरिसमध्ये एक रुग्णालय काढले. ते आजही नेकर याच नावाने चालते. तिच्या हाती संस्था आली. आमच्या गोपिकाबाईंच्या हाती राहिले ते एक पत्र. दोघींची तुलना करून कमीजास्त ठरविण्याची मला हौस नाही. पण पेढीच्या घरातली बाई पेढीच्या वहीत मात्र क्वचितच दिसते, हे दोन्हीकडे सारखेच!

भगिनींनो, जुनी पत्रे जपण्याचे मोल आपणां धुळेकरांना कोणी शिकवावयास नको. इतिहासाचार्य राजवाडे येथेच १९२६ साली वारले आणि त्यांच्या नावाचे संशोधन मंदिर आपल्याच गावात आहे. जुन्या दप्तरांची काळजी आपण घेतो. तशी घरातल्या चालू दप्तराचीही घेऊ या. आज खेड्यापाड्यांतल्या बचत गटांतील बायका स्वतः कर्ज देतात, हप्ते लिहितात, सही करतात. आपण तर शिकलेल्या म्हणवतो!

त्या शेजारणीच्या गाठोड्यातला एकेक कागद आम्ही दोघींनी चार दुपारी बसून लावला. एक देणे फिटलेले निघाले, एक येणे बुडता बुडता वाचले. आता त्यांची वही त्या स्वतः लिहितात. तुम्हीही आज घरी गेल्यावर यजमानांजवळ एवढेच मागा: “घरची वही जरा दाखवा.” साडी मागण्यापेक्षा हे मागणे कठीण आहे, पण ते एकदा मागाच.