फ्लेक्स लागण्याआधी



मे 2023 मध्ये शांघायच्या विश्वचषकात आपल्या बुलढाण्याच्या प्रथमेश जावकरने कंपाउंड प्रकारातला जगातला अव्वल तिरंदाज, नेदरलँड्सचा माइक श्लोसर, याला 149-148 असे हरवले. त्याच वर्षी हांगझोच्या आशियाई स्पर्धेत अभिषेक वर्मा आणि नागपूरचा ओजस देवतळे यांच्यासोबत त्याने सांघिक सुवर्ण मिळवले. त्याआधी 2019 साली आपल्याच जिल्ह्याच्या पोलीस दलातल्या मोनाली जाधवने चेंगडूच्या जागतिक पोलीस क्रीडा स्पर्धेत तिरंदाजीत सुवर्ण जिंकले होते.

पदक आले की आपण मिरवणूक काढतो, चौकात फ्लेक्स लावतो, शाल-श्रीफळ देतो. ते जरूर व्हावे. पण पदकाआधीची जी लांबलचक वर्षे असतात, त्यांत धनुष्य, बाण, प्रवास आणि खुराक यांचा खर्च बहुतेक वेळा आईवडिलांच्या खिशातूनच होतो. खेळाच्या मार्केटिंगबद्दल मी आज बोलतो आहे ते त्या वर्षांसाठी.

इतर मालाचा दर्जा कारखानदाराच्या हातात असतो. सामन्याचा निकाल मात्र आयोजकाच्या हातात नसतो आणि तो नसावाच. निकाल आधी ठरला की खेळ संपला. म्हणून विजयाचे आश्वासन देऊन प्रेक्षक किंवा प्रायोजक गोळा करू नका. ठरल्या वेळी सामना सुरू करणे, सावली, पिण्याचे पाणी, महिलांसाठी स्वच्छ स्वच्छतागृह, मैदानावर काय चालले आहे हे सांगणारा चांगला निवेदक, एवढे आपल्या हातात आहे. लोक पुन्हा येतात ते यामुळे.

धनुर्विद्येपुरती अडचण नेमकी सांगतो. कंपाउंडचे लक्ष्य 50 मीटरवर असते आणि दहा गुणांचे वर्तुळ फक्त 8 सेंटिमीटर व्यासाचे. बाण नऊवर लागला की दहावर, हे कडेला उभ्या माणसाला दिसतच नाही. मग त्याने टाळी कशावर वाजवावी? एक कॅमेरा, एक मोठा पडदा आणि प्रत्येक बाणानंतर मराठीतून गुण सांगणारा आवाज, एवढी सोय केली तर पंधरा बाणांचा तोच सामना श्वास रोखून पाहण्यासारखा होतो. खेळ तसाच राहतो, फक्त तो दिसू लागतो.

कबड्डीचे हेच झाले. आपल्या शेजारच्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने 1936 मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी कबड्डीची प्रात्यक्षिके दाखवली होती. मातीतल्या या खेळाला घरोघरच्या पडद्यावर यायला त्यानंतर 78 वर्षे लागली. 2014 च्या प्रो कबड्डीत चढाई आणि पकड जुनीच होती. कॅमेऱ्याची जागा बदलली, 30 सेकंदांचे घड्याळ पडद्यावर आले, खेळाडूंची नावे आणि गावे लोकांना पाठ झाली. गावाचे नाव मी मुद्दाम घेतले. प्रेक्षक खेळावर प्रेम करतो ते बहुधा आपल्या एखाद्या खेळाडूमुळेच.

आता पैशाबद्दल. आपली पत्रे अजून ‘आर्थिक मदत मिळावी ही विनंती’ अशी संपतात, आणि उद्योजक एकदा भिडेखातर पावती फाडतो. कंपनीकडे जायला दोन दरवाजे आहेत. कंपनी कायदा 2013 च्या सातव्या अनुसूचीनुसार ग्रामीण आणि ऑलिंपिक खेळांच्या प्रशिक्षणावर सामाजिक दायित्व निधीतून खर्च करता येतो. परंतु 2021 च्या नियमांनुसार जाहिरातीच्या फायद्यासाठी दिलेले प्रायोजकत्व त्या निधीत धरता येत नाही. म्हणून मुलांच्या प्रशिक्षणाचा प्रस्ताव एका टेबलावर न्या आणि स्पर्धेच्या कमानीवरच्या नावाचा दुसऱ्या टेबलावर. दुसऱ्या प्रस्तावात त्या दुकानाला, बँकेला किंवा पतसंस्थेला काय मिळणार ते स्पष्ट लिहा: किती प्रेक्षक, कोणत्या गावांतले, नाव कुठे दिसणार. प्रेक्षकांचा आकडा फुगवू नका. खामगावच्या चांदीला लांबून गिऱ्हाईक येते ते शुद्धतेच्या खात्रीवर. आपला हिशेबही तसाच हवा. स्पर्धा संपल्यावर महिन्याच्या आत खर्चाचा तपशील आणि छायाचित्रे प्रायोजकाच्या हाती पडली पाहिजेत. ही साधी गोष्ट आपण करत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

एक मर्यादाही पाळू या. तंबाखू, गुटखा आणि ऑनलाइन जुगाराचा पैसा शाळकरी मुलांच्या छातीवर नको, तो कितीही मोठा असला तरी.

2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये कंपाउंडचा मिश्र सांघिक प्रकार प्रथमच खेळला जाणार आहे. कंपाउंडमध्ये तर आपल्याच जिल्ह्याने नाव कमावले आहे. त्याआधी शेगाव, मलकापूर, चिखली, मेहकर, सिंदखेडराजा असे फिरते सामने दरवर्षी ठरल्या तारखांना व्हावेत, असे मी सुचवतो. दुपारच्या सत्रात तालुका प्रतिनिधींनी आपापल्या मैदानाचे नाव आणि तारीख कार्यवाहांकडे लेखी द्यावी. शाळांच्या परीक्षा आणि सोयाबीन काढणीचे दिवस तेवढे वगळा.